मावशीची कपबशी

माझी मावशी जन्मभर लोकांचे कपडे शिवत आली. काका गेल्यावर तिनं एका मशीनवर मुलाला शिकवलं, घर बांधलं, पण कुणापुढे हात पसरले नाहीत. तेच हात आता थरथरतात. औषधं चालू आहेत, पण हात त्यांना जुमानत नाहीत.

घरात पहिला कप फुटला तेव्हा सुनेनं तुकडे झाडून घेतले. दुसरा फुटला तेव्हा सुनेनं मावशीसाठी झाकणाचा, नळी लावलेला स्टीलचा पेला आणला. सून वाईट नाही. म्हातारीला चटका बसू नये एवढीच तिची काळजी. पण घरातले सगळे कपबशी घेऊन बसणार आणि आपण मात्र नळी चोखायची, हे मावशीच्या फार जिव्हारी लागलं. मला फोनवर म्हणाली, "लहान मुलासारखं पाजतात गं मला. आता मरेपर्यंत हेच का?" मलाही संताप आला, पण सुनेला सांगणार कोण?

मग जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचं संग्रहालय बघायचंय, असा मावशीनं हट्ट धरला. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला.

"आई, जगात दुसरी जागाच नाही का? तिथं सगळं फुटणारंच आहे."

"म्हणूनच जायचंय," मावशी म्हणाली.

सोबतीला माझी वर्णी लागली. निघताना सुनेनं तो पेला माझ्या पिशवीत कोंबलाच.

दारातल्या पहारेकऱ्यानं मावशीचे हात बघितले आणि तो आमची पाठच सोडेना. या दालनातून त्या दालनात, सावलीसारखा मागे. शेवटी मावशी वळून म्हणाली, "बाळा, मागून काय येतोस? पुढं हो आणि दाखव तरी काहीतरी." बिचारा ओशाळला, पण खरंच पुढं झाला.

एका काचेच्या कपाटात निळ्या नक्षीची मोठी थाळी होती. मधोमध तडा, आणि तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवणारे ओळीनं बारीक पितळी आकडे. मावशी नाक काचेला टेकेपर्यंत वाकली.

"टाके घातलेत हिला."

"फुटली होती," पहारेकरी म्हणाला. "पूर्वी अशीच सांधायचे. नंतरही जेवायला वापरात होती म्हणतात."

"म्हणजे एकदा फुटली म्हणून कुणी पत्र्याची थाळी नाही आणली," मावशी म्हणाली, ती माझ्या पिशवीकडे बघून. मी दुसरीकडे बघितलं.

बाहेर पडताना संग्रहालयाच्याच उपाहारगृहात चहा प्यायला बसलो. तिथं चहा पांढऱ्याशुभ्र, पातळ कपबशीतून देत होते. मी मुकाट्यानं पेला काढला.

"आत ठेव तो."

"मावशी, इथं तमाशा नको."

"बघू देत की. एरवी तमाशाला तिकीट पडतं."

कप आला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. बशीवर खडखड झाली, शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या, थोडा चहा पदरावर सांडला. पण कप ओठांपर्यंत पोचला. ती चक्क फुंकर घालून प्यायली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मग कप खाली ठेवताना तो बशीच्या कडेवर आपटला आणि जमिनीवर पडून फुटला.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मी उठून चहावाल्या मुलीची माफी मागायला लागले.

"माफी कसली मागतेस?" मावशी म्हणाली. "मुद्दाम फोडला का मी? भरून देईन."

मुलीनं तुकडे गोळा केले आणि भल्या मनानं दुसरा चहा आणला. कागदी कपात. मावशीनं तो कप दोन बोटांनी परत तिच्याकडे सरकवला.

"कप फुटलाय, बाळ. मी नाही. कपबशीत आण."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. सगळेच हल्ली आधी माझ्याकडे बघतात.

"त्या सांगताहेत तसं आणा," मी म्हणाले.

कपबशी आली. मावशीनं कपाला हात घातला, पुन्हा तीच खडखड सुरू झाली, आणि मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.