मेथीची जुडीसुद्धा झटकून बघणारा

शाहूपुरीतल्या मार्टच्या दारात तो वॉचमन बिलं तपासतो. मी रोजचं गिऱ्हाईक, तरी रोज तेच, "पावणं, पिशवी उघडा की." मेथीची जुडीसुद्धा झटकून बघतो. डोकं फिरतं माझं.

गेल्या आठवड्यात एकजण शर्टाखाली तुपाचा डबा लपवून निघाला. यानं त्याला धरलं. त्यानं ढकललं, हा पायरीवरनं पडला आणि याचा उजवा हात मोडला. वर मालक यालाच ओरडला, "तुला कुणी सांगितलं हुतं?"

काल तो प्लॅस्टर घालून दारात हजर! मी वैतागून म्हटलं, "अहो, दुसऱ्याच्या तुपापायी हात मोडून घेतला? जाऊ द्यायचं की त्याला!"

"त्याला सोडलं, तर तुमची पिशवी कुठल्या तोंडानं बघू?" म्हणत त्यानं डावा हात पुढं केला.

मी पिशवी उघडून पुढं धरली.