काजूचं मी विचारलं होतं

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. सांगायला बसले तरी आधी दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटतं – ऊन, रस्ता, भूक. मग तिथूनच सुरू करते.

गणपतीपुळ्याहून पुण्याला परतताना आम्ही चौघं रत्नागिरीत जेवायला थांबलो. मी, नवरा, थोरले दीर आणि माझी जाऊ – मेधावहिनी. मला सुरमईचं ताट हवं होतं. वहिनींना मासळीचा वास सोसत नाही, म्हणून मांडवीकडच्या रस्त्यावर एक छोटं इटालियन हॉटेल शोधलं गेलं. रत्नागिरीत येऊन पास्ता. सगळी सहल अशीच गेली होती – खोली त्यांच्या पसंतीची, गाडीतली पुढची जागा त्यांची, आणि जिथं जाऊ तिथं एकच प्रश्न, यात काजू आहे का?

काजूनं त्यांना त्रास होतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला ते नखरे वाटायचे. खरंच वाटायचे, की तसं मानणं सोयीचं होतं?

हॉटेल नवरा-बायकोचं होतं. तो बरीच वर्षं बोटीवर आचारी होता, तिथंच हे जेवण शिकलेला. बायको वाढायची. वहिनींनी पेस्तो, म्हणजे हिरव्या चटणीचा पास्ता निवडला. पुण्यात त्या तोच खायच्या. पुरुष गाडीला सावली शोधत होते. वहिनींना फोन आला. बाहेर जाता जाता त्या म्हणाल्या, "काजूचं तेवढं विचार हं."

मला विचारावंही लागलं नाही. ती बाई आपणहूनच म्हणाली, "ताई, ह्या चटणीत आम्ही काजू वाटून घालतो. तिकडं परदेशात घालतात त्या बिया आम्हाला कुठनं मिळायच्या? कुणाला बाधत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "सगळं चालतं."

विसरले नव्हते मी. ऐकण्यातही चूक नव्हती. एकदा खाऊन काही झालं नाही की हे सोंग संपेल – असं मनात आलं आणि मी ते बोलले. वहिनी आत आल्या, विचारलंस ना म्हणाल्या, मी हो म्हटलं. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हाही थांबवता आलं असतं. दुसऱ्या घासालाही.

मग त्यांचे ओठ सुजले. मानेवर लाल चट्टे उठले. पाणी घशाखाली उतरेना आणि श्वासाचा आवाज यायला लागला – बारीक, शिट्टीसारखा. त्यांनी हात धरला तो माझा. हॉटेलवाला स्कूटर काढून हॉर्न वाजवत पुढे निघाला, त्याच्या मागे आमची गाडी. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. "काजू," मी लगेच म्हणाले. हिला कसं माहीत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

इंजेक्शनं दिली. वहिनींचा श्वास हळूहळू मोकळा झाला. तोवर ती बाई रिक्षा करून आली होती, हॉटेलात राहिलेली वहिनींची पर्स घेऊन. दीर तिच्या अंगावरच गेले – सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

"सांगितलं होतं मी. ह्या ताईंना," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी – अगदी शांतपणे, आवाज न चढवता – म्हणाले, "काजूचं मी विचारलं होतं. ह्याच नाही म्हणाल्या."

तिचा नवरा तिच्याकडे वळला. "नीट आठव," एवढंच म्हणाला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आत वहिनी खोकत होत्या, ते तिला ऐकू येत होतं. मग मान खाली घालून ती म्हणाली, "बोलले असेन चुकून. गर्दी होती."

गर्दी नव्हती. आमच्याशिवाय एकच टेबल भरलेलं होतं. तिनं माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं.

दिरांनी त्या हॉटेलाबद्दल नाव घेऊन सगळीकडे लिहिलं. लोकांनी ते पुढे पाठवलं. मीही पाठवलं. न पाठवते तर कुणाला काही वाटलं असतं का?

वहिनींनी त्यानंतर मला जवळ केलं. मी आजारी पडले तेव्हा त्या माझ्याकडे येऊन राहिल्या, माझे केस विंचरून द्यायच्या. मी विंचरून घेत होते.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी रत्नागिरीला गेले होते. पाय त्या रस्त्याला वळले. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. जेवायला मिळायचं ना इथं, मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "ते? गावी गेले, लांज्याच्या पुढे. तो परत बोटीवर गेला, ती एकटीच असते घरी. भेटायचं असेल तर एसटी आहे आत्ता."

दिवस सगळा मोकळा होता. नुसतंच विचारलं, असं म्हणून मी कार्यालयात परत आले आणि पंगतीला बसले.