कॉर्डेलची रेकॉर्ड

सिस्टर व्हर्लीन टॉलिव्हर आमच्या डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं ऑर्गन वाजवतेय. आमच्या चर्चमधल्या सगळ्याच बायकांना आम्ही सिस्टर म्हणतो. आठवडाभर ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते आणि रविवारी आम्हा गाणाऱ्यांना धुते. माझा सूर घसरला की भर प्रार्थनेत मान वळवून बघते. त्या बघण्याला पाद्रीसुद्धा टरकतो.

पोटच्या पोरालाही तिने सोडलं नाही. कॉर्डेल क्लबांमधून इलेक्ट्रिक पियानो वाजवायला लागला. जॅझमध्ये फंक मिसळलेलं, कंबर हलवायला लावणारं संगीत. "हे माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही," ती म्हणाली. मग तोही आला नाही. बहात्तर साली त्याची पहिली रेकॉर्ड पोस्टाने आली, ती तिने न फोडता कपाटात टाकली. चार वर्षं ती तिथेच होती. या मार्चमध्ये बँडची गाडी बर्फावरून घसरली आणि कॉर्डेल गेला.

त्याला माती देऊन तीन आठवडे झाले असतील. रविवारी चर्च सुटल्यावर ती कोटाखाली रेकॉर्ड लपवून माझ्या दारात उभी राहिली.

"ज्युनेटा, तुझ्याकडे लाव. माझ्या घरात नको म्हटलं होतं ना मी."

"अगं, आता तरी हट्ट सोड."

"शब्द म्हणजे शब्द. मला एवढंच कळायला हवं, पोरगा माझ्यावर रागावून गेला का. वाजवताना माणसाला खोटं बोलता येत नाही."

मी वेष्टण फाडलं. पहिली बाजू तिने हाताची घडी घालून ऐकली. "डावा हात आळशी. पहिल्यापासूनच," एवढंच म्हणाली. माझे पाय मात्र टेबलाखाली ठेका धरत होते आणि मला त्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ होतं. कॉर्डेलने एक छोटी ओळ वाजवली आणि थांबला. नुसते ड्रम चालू राहिले. मला वाटलं, ही या लोकांची काहीतरी ऐट असेल.

व्हर्लीनचा चेहरा उतरला. "ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

आमच्यात पाद्री एक वाक्य बोलून थांबतो, तेव्हा लोकांनी उत्तर द्यायचं असतं. ही मायलेकरं घरी पियानोवर तसंच वाजवायची. एका बाकावर दोघं, तो विचारायचा, ती उत्तर द्यायची.

रेकॉर्डवर त्याने तीच ओळ पुन्हा वाजवली, जरा हळू. पुन्हा थांबला. खोलीत तिसरं कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. मग बँड सुरू झाला, तो त्यांच्याबरोबर पुढे गेला आणि गाणं संपलं.

"दोनदा विचारायचं, हे मीच शिकवलं त्याला," ती म्हणाली. "तरी लोक बोलले नाहीत तर समजून घ्यायचं आणि आवरायचं. रागावला नव्हता गं तो. चार वर्षं विचारत होता. लाव पुन्हा."

मी सुई ठेवली. तिने जेवणाची ताटं बाजूला सारून लाकडावर बोटं मांडली. कॉर्डेलने विचारलं. तिने उत्तर दिलं, बोटांनी आणि गुणगुणून, अगदी ठेक्यात. इतकं गोड उत्तर मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं.

कॉर्डेलने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा हळू, काही ऐकूच न आल्यासारखा. तिने पुन्हा उत्तर दिलं, या वेळी मोठ्याने. तो गाणं आवरून निघून गेला.