राखेनं घासलेला ठिपका

आमच्या तांड्यात भांडं घासावं तर बसंतीबाईनं. तिच्या पितळी लोट्यात अंगणातल्या कडुनिंबाचं पान न् पान दिसे. मळ दिसला की तिचा हात थांबायचा नाही.

कळंबच्या वाटेवरचं तळं बायकांच्या बचत गटाचं. राखण बसंतीबाईची. त्यातले रोहू, कटले तिनं बोटाएवढे होते तेव्हापासून हातभर वाढवले होते. दिवाळीआधी जाळं टाकायचं ठरलं होतं.

शहरातून आलेल्या आभाताईनं पाण्यात काचेच्या तंतूची एक दोरी सोडली. टोकाला गुलाबी लेपाचा ठिपका. तंतूतून निळा उजेड खाली जाई आणि ठिपका लाल उजळे. पाण्यात प्राणवायू भरपूर असला की लाली मंद, कमी पडला की तेज. काठावरची पेटी त्यावरून आकडा सांगे. आकडा उतरला की पाणी घुसळणारं चाक लावायचं. उन्हाळ्यात त्या आकड्यानं तळं वाचवलं होतं. तेव्हापासून बसंतीबाईचा पेटीवर जीव.

"टोकावर शेवाळ धरलं तर ओल्या फडक्यानं हळूच पुसा," आभाताई सांगून गेली.

भाद्रपदात शेवाळ धरलं. फडक्यानं ते निघालं, गुलाबी डाग मात्र राहिला. बसंतीबाईनं चिमूटभर राख घेतली आणि डाग जाईस्तोवर घासलं. आकडा पाचावरून नवावर गेला. तिला वाटलं, मळच आडवा येत होता.

मग आभाळ दाटलं ते हटेना. वारा पडला. पाणी हिरवं, जड झालं. एका सकाळी मासे तोंडं वर काढून उभे होते आणि काठावर बगळ्यांची रांग.

"संजयची माय, चाक लाव," नवरा लखीराम म्हणाला.

"कायले? नऊ दाखवून राह्यलं. तुमाले मशीनपेक्षा जास्त समजते काय?"

"मले नाही समजत. बगळ्याईले समजते."

"भुकेनं आले असतीन वर." तिनं मूठभर कोंडा फेकला.

कोंडा तरंगत राहिला. एकाही माशानं तोंड लावलं नाही. आता तिनं आभाताईला फोन लावला.

"टोकाचा ठिपका कसा दिसतो?"

"तो डाग? तो तं मी राखेनं काढला."

मग आभाताई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, प्राणवायू मोजत होता तो ठिपकाच. तो गेला की लाली येत नाही, अन् पेटीला वाटतं प्राणवायू भरपूर आहे. आधी चाक लावा."

चाक फिरलं. पाणी पांढरं उसळलं. एरवी त्या फेसाकडे मासे झुंडीनं धावत. बसंतीबाई गुडघाभर पाण्यात उतरून वाट पाहत राहिली. तिच्या पोटरीला एक हातभर रोहू येऊन लागला, आडवा, निपचित.