आबांचा बेसरा

माझे सासरे पहिली तीन वर्षं माझ्याशी गाईमार्फत बोलले. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही, ही चोपड्याकडच्या आमच्या घरची रीत. मी धुळ्याची, चार इयत्ता शिकलेली, आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. हनुवटीपर्यंत पदर ओढून गोठ्याशी उभी राहायचे तेव्हा जीव नुसता कोंडायचा. तिकडे आबा अंगणातल्या बाजेवर बसून चांदी गाईला विचारत, "चांदे, आंबावर काय बठेल शे?"

चांदीला त्याचं काय! ती रवंथ करत राही. पहिल्यांदा त्यांनी असं विचारलं तेव्हा मी पदराच्या फटीतून वर पाहिलं, तर राखी रंगाचं, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचं एक पाखरू फांदीवर बसलं होतं. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, "माय, शिक्रा दिसतोय." सासूबाईंनी चुलीपुढून ते ओरडून आबांना सांगितलं. आबा गाईला म्हणाले, "शेपूट हालवस का, विचार." शेपूट हलत होती. "मग तो पावशा शे. चोच बी सरळ व्हई." चोच सरळच होती. आमच्या गल्लीत सगळे म्हणत की शिकार करणारा शिक्राच पावसाळ्यात कोकिळेच्या जातीचा पावशा होतो. आबा म्हणत, ज्यांना आपली म्हैस दाव्याशिवाय ओळखता येत नाही त्यांनी पाखरांवर बोलू नये.

केळीच्या बागेला पाणी धरून झालं की आबांचा उरलेला दिवस शिकारी पाखरांचा. घारी-गिधाडांचं त्यांना कौतुक नव्हतं. "त्या बठ्ठा आभाळना. मना झाडम्हाना," असं ते म्हणत. झाडीत दडून बसणारे, जमिनीलगत सरळ येऊन शेवटच्या क्षणी फांदीवर चढणारे छोटे शिकारी, ते त्यांचे. शिक्र्याची मादी नरापेक्षा मोठी असते आणि घरटं चालू असताना नर तिला सरडे आणून देतो, हे ते सासूबाईंना मुद्दाम ऐकवत. सासूबाई म्हणत, "मंग तुम्ही काय आनी देतस?" त्यावर आबांना एकदम बागेत काम आठवे.

रंगावर विसंबायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. "रंग उनना शे. सकाय येगळा, दुपार येगळा. गळा देख, पाय देख." हेही अर्थात गाईलाच सांगितलेलं. माझी उत्तरं सासूबाईंच्या तोंडून जात, आणि जाता जाता त्यांचा पार भुगा होई. मी म्हटलं, गळ्यावर रेघ दिसत नाही. सासूबाईंनी सांगितलं, "ती म्हनस, गळाम्हा काहीच नही." आबा शांतपणे म्हणाले, "मंग खास कशानं?" गळाच नाही तर पाखरू खातं कशानं, या प्रश्नावर मी पदरात तोंड दाबून हसले. बाजेवरचे खांदेही हलताना दिसले.

आबांच्या मनात एकच सल होता. तरुणपणी एका थंडीत त्यांनी आमच्याच आंब्यावर बेसरा पाहिला होता. बेसरा म्हणजे शिक्र्याचा डोंगरातला भाऊबंद. रंगानं गडद, गळ्यावर मधोमध ठळक काळी रेघ, पाय लांब आणि बारीक. शाळेतले गुरुजी, म्हणजे आबांचे जुने मित्र, ठामपणे सांगत की तो सातपुड्याची दाट झाडी सोडून खाली येतच नाही. आबा एकटे होते, साक्षीला कोणी नव्हतं. तेव्हापासून गावात कशावर विश्वास बसेना की लोक म्हणत, "हा आबांचा बेसरा." आबा हसण्यावारी नेत, पण ते त्यांना लागत असे. तो पुन्हा एकदा दिसावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यात उतरत होता. डॉक्टरचं नाव काढलं की ते थेट शेतावर निघून जात.

माझ्या लग्नानंतरचा तिसरा पौष. सासूबाई मेहरूणला बहिणीकडे गेल्या होत्या. सकाळी आंब्यावरचे होले एकदम फडफडून उडाले आणि आबा ताठ झाले. "चांदे, कोन उनं?"

पाखरू समोरच बसलं होतं. घरात सांगायला कोणी नव्हतं, नवराही शेतावर गेलेला. आबा डोळ्यांवर हात धरून चुकीच्या फांदीकडे बघत होते. ते उडालं असतं तर आबांना ते कधीच कळलं नसतं. मी बोलले.

"आबा, गळाम्हा काळी रेघ शे. एकच. मधोमध."

ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, "पाय कसा शेतस?"

"लांब. काडीगत."

"बेसरा," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पोर, तुले नीट दिखस ना?" गाईला नव्हे, मला.

सासूबाई परत आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. सून सासऱ्याशी बोलते, लोक काय म्हणतील! आबा म्हणाले, "सून नही बोलत. मना डोया बोलतस." त्यांचे डोळे म्हणजे मी. गुरुजी आले तेव्हा आबांनी मला बाहेर बोलावलं. गुरुजींनी उलटसुलट विचारलं, मी गळा सांगितला, पाय सांगितले. शेवटी वाद न घालता गुरुजींनी आणखी एक कप चहा मागितला. आबांनी तो स्वतः आत येऊन सांगितला.

त्यानंतर आम्ही इतकं बोललो, भांडलोसुद्धा, की सासूबाईंना जुने दिवस बरे वाटू लागले. पुढे काही वर्षांनी आबांना दिसायचं पूर्ण थांबलं. एका थंडीत ते फार खंगले होते आणि रोज विचारत, बेसरा उना का? मला राहवेना. एके दिवशी मी सांगून टाकलं, "उना शे, आबा. रेघ दिखस."

आबांनी कान दिला. आंब्याखाली सातभाई पक्षी पाचोळा उलटत आपसात कुजबुजत होते. वर शिकारी असता तर त्यांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. आबांच्या ते लगेच लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं.

"तीन वरीस तू बोलनी नही, ते चालनं," आबा हसत म्हणाले, आणि त्यांनी माझा हात चाचपून धरला. "आते खोटं नको बोलू, पोर."

मला रडू आलं आणि हसूही. आबा फाल्गुनात गेले. तोवर रोज सकाळी मी त्यांना जे दिसेल तेच सांगितलं. बहुतेक दिवशी आंबा रिकामाच असायचा, आणि मी तेही सांगत गेले.