बाज आणि बांगड्यांची पेटी

आमच्या चर्चमध्ये माझी एक साक्ष सगळ्यांना पाठ आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सेवेविषयीची उपासना असली की पाळक मला पुढे बोलावतात. आधी पक्षघाती माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात तो उतारा वाचला जातो. मग मी उठतो आणि सांगतो, की तरुणपणी आम्ही चौघांनी एका अडलेल्या बाईला बाजेवर घालून नाल्यापलीकडून डांबरी सडकेपर्यंत आणलं. खांद्याचं सालटं निघालं, पण सडक येईपर्यंत मी बाज खाली ठेवली नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे.

तेव्हा मी गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या एका गावात मास्तर होतो आणि तिथल्या चार-पाच ख्रिस्ती घरांची रविवारची प्रार्थनाही मीच घेत असे. ती बाई त्यांच्यापैकीच एका घरची. पहिलं बाळंतपण, पाऊस लागलेला, आणि जीप सडकेपलीकडे यायला तयार नाही. बाजेला दोन बांबू बांधले. तिचा नवरा, दीर, एक शेजारी आणि मी, असे चौघे निघालो. मी डोक्याच्या बाजूला होतो.

नाला कमरेएवढ्या पाण्यातून पार झाला. पुढे चढ लागला तेव्हा माझा खांदा सोलवटला होता. थकलो असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, “थांबा, आपण प्रार्थना करू.”

त्यांनी बाज खाली ठेवली. मी डोळे मिटून बोलत राहिलो. माझं आमेन होईपर्यंत बाज कोणी उचलणार नाही, हे मला माहीत होतं. बाई कण्हत होती ते ऐकू येत होतं, तरी मी लांबवलं.

डोळे उघडले तर समोर एक बांगडीवाला, सायकल धरून, मान खाली घालून उभा. गोंडपिपरीचा मुसलमान माणूस, बाजारच्या दिवशी गावोगाव फिरायचा. तो म्हणाला, “मास्तर, तुमी दुवा चालूच ठेवा. मी धरतो. फक्त माह्या पेटीकडं पाहा.”

त्यात टोमणा नव्हता. सायकल मोहाच्या झाडाला टेकवून, बांगड्यांची पेटी उतरवून त्याने माझी जागा घेतली आणि चौघे चढ चढून दिसेनासे झाले. जमीन ओली होती म्हणून मी पेटीवर बसलो, झाडाला पाठ टेकली आणि झोपलो. दिवस कलताना तो परत आला. “भेटली जीप,” एवढंच म्हणाला, पेटी बांधली आणि गेला. आई आणि मूल दोघं वाचली.

पुढच्या रविवारी तालुक्याच्या चर्चमध्ये मी उभा राहिलो आणि “आम्ही चौघांनी” असं म्हणालो. लोकांनी प्रभूचे आभार मानले. वर्षामागून वर्षं खांद्याची जखम मोठी होत गेली. बांगडीवाला मात्र साक्षीत कधी आलाच नाही.

ती बाई लग्न झालेल्या लेकाकडे इथेच राहायला आली. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसते. तेव्हापासून माझी साक्ष तिने दर वेळी ऐकली आहे.

यंदा तरुण संघाने एक स्ट्रेचर बनवलं. पावसात ज्या गावांना गाडी पोहोचत नाही, तिथल्या पेशंटना सडकेपर्यंत आणायचं ठरलं. त्यातला म्होरक्या मला म्हणाला, “गुरुजी, एका फेरीले चौघंच जाऊ. तुमच्यासारखं, मधात खाली ठेवाचं नाई.” माझ्या थापेवर भरवसा ठेवून ही पोरं भर नाल्यात कोणाला तरी खाली पाडणार होती.

मी आधी गोंडपिपरीला गेलो. बांगडीवाल्याचं दुकान आता त्याचा मुलगा चालवतो, तो स्वतः बाहेर स्टुलावर बसतो.

“मास्तर, इतक्या सालानं? सूनबाईले बांगड्या पायजे का?”

मी सगळं सांगितलं. त्याचं नाव मी कधीच घेतलं नाही, हेही.

“त्यात काय? मी कुठी येतो तुमच्या चर्चात,” तो म्हणाला. “पण पेटीवर काऊन बसले होते? सणाचा हिरवा माल होता. घरी खोलली त निम्म्याचा चुरा. घरवाली म्हणे, सायकलवरून पडले का?”

“तेव्हा बोलला नाहीत.”

“दुवा मांगून राह्यले म्हणून बसले असं वाटलं मले. त्याले काय बोलाव?”

“मी झोपलो होतो, भाऊ.”

तो खोकत हसला. “मंग तसंच सांगा ना.”

रविवारी मी तसंच सांगितलं. आमेन कोणी म्हटलं नाही. पाळकांनी अवघडून विचारलं, “मग माणसं किती लागतील, गुरुजी?”

मी काही बोलायच्या आत तिसऱ्या बाकावरून आवाज आला. “आठ. चार धराले, चार बदलीले. मास्तर नाल्याच्या चढापर्यंतच होते. मंग बांगडीवाले भाऊ होते. मी त पडल्या पडल्या वरतीच पाहून राह्यली होती.”

“तुम्ही इतकी वर्षं बोलल्या नाहीत?” मी विचारलं.

“तुमचं तुमी सांगान म्हणून वाट पाहत होती.”

उपासनेनंतर आवारात सराव झाला. स्ट्रेचरवर वजन हवं होतं, म्हणून पोरांनी मलाच झोपवलं. आठ जण होते. फाटकाजवळच्या वळणावर बदली झाली, एक जण बाजूला झाला, दुसऱ्याचा खांदा लागला, स्ट्रेचर जरासं हललं, खाली टेकलं नाही. वर नव्या पोराचा घामेजलेला चेहरा आला. ती बाई बाजूने चालत होती. मला गरगरायला लागलं, तसे मी डोळे मिटले.

“डोये नका झाकू, मास्तर,” ती म्हणाली. “पाहा कोण धरून राह्यलं ते.”