माझ्याआधी चौकशी करून गेलेली बाई

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच दमात घेते. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. कागद दिसल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. आणि अजून एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती लपवली तर पुढचं काही कळणार नाही — माझ्या धाकट्या जावेवर, रेखावर, मी ती घरात आल्यापासून जळते. उंच, गोरी, हसून बोलणारी. आठवड्यात सासूबाई तिच्या झाल्या, महिन्यात अख्खी भावकी. भाकऱ्या मी थापायच्या आणि कौतुक तिच्या चटणीचं.

तर गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. मी, मिस्टर आणि मुलगी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्रा... मुलगी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन अभ्यास करायची. अशात साखर पेठेतली एक जागा कळली. दगडी, दुमजली, जुनी इमारत. खाली पूर्वी हातमाग चालायचे, आता एका चाचांचं शिवणकामाचं दुकान. वर जाड भिंतींच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भर दुपारी गार. मालकीणबाईंना सगळे अम्मा म्हणत. तेलुगू घरातल्या, मागच्या बाजूला राहायच्या. जागा बघितली आणि माझा जीवच अडकला तिच्यात.

पण घात मीच केला. फोनवर सासूबाईंना सांगून बसले. त्या वैरागला धाकट्या दिरांकडे असतात, आणि दिरांची सोलापूरला बदली होणार होती.

"रेखाला बी बघू दे की," सासूबाई म्हणाल्या. "तिचा पाय मोडलाय, बरा झाला की यील."

पाय मोडलाय म्हणे. मनात म्हटलं, नाटकं.

आधीच्या घरात न विचारता सही केली होती, आणि पावसाळाभर बादल्या मांडत बसलो होतो. म्हणून या वेळी अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करायच्या आधी गल्लीत चौकशीला निघाले. चाचांना विचारलं — आधीचे भाडेकरू का गेले, पाणी किती दिवसाआड येतं, भिंतींना ओल येते का.

चाचांनी मशीन थांबवली. "कलच एक बाई आके यहीच पूछके गई ना. उंच, गोरी. लई हसून बोलत होती."

कोपऱ्यावरचा किराणावालाही तेच म्हणाला. समोरच्या आजींनी तर तिला चहा पाजला होता. मला साधं बसा म्हणाल्या नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वैरागहून एसटीनं येऊन, माझीच जागा, माझ्याच मागे...

आमच्यात नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालतात. सही झाल्यावर, चांगला दिवस बघून. मी ठरवलं, आधीच घालायचं. एकदा माझ्या हातचं दूध त्या ओट्यावर उतू गेलं की अम्मासुद्धा दुसऱ्या कुणाला जागा द्यायला कचरतील. मुहूर्त न मानणारी मी, रेखाला हरवायला तेही करायला निघाले.

रविवारी सकाळी दहाला पडद्यांची मापं घ्यायची म्हणून अम्मांकडून किल्ली घेतली. पिशवीत छोटी शेगडी, पातेलं, अर्धा लिटर दूध. कुलूप उघडलं, स्वयंपाकघरात गेले.

ओट्यावर दूध सांडलेलं होतं. कडेवरून खाली ओघळत होतं, आणि त्यातून वाफ येत होती. मी बोट लावलं, चटका बसला. शेगडी नाही, भांडं नाही, खिडक्या आतून बंद. भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं, ओली.

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू. तिथूनच रेखाला व्हिडिओ कॉल लावला. "कुठे आहेस?"

"घरी, ताई. काय झालं?" ती वैरागच्या घरात पलंगावर होती. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. मागून सासूबाई बोलल्या, "कुटं जाणार ती? पंधरा दिस झालं, न्हाणीपतूर बी मीच नेतीय."

फोन ठेवला तेव्हा अम्मा दारात उभ्या होत्या. दुधाकडे बघितलं, माझ्या पिशवीतल्या कोरड्या पातेल्याकडे बघितलं. "तुम्हाला देईपर्यंत किल्ली माझ्या कमरेलाच होती की. कुणाला दिली न्हाय." मग फडकं आणून ओटा पुसला.

मी सही केली नाही. किल्ली अम्मांच्या हातात ठेवली आणि पिशवी उचलून निघाले.

आता माझं पाप सांगते. महिन्याभरानं रेखाचा फोन आला. "ताई, तुम्ही त्या घराची सगळी चौकशी केलीये. घेऊ का?" मी म्हटलं, "घे की. गार आहे, पाणी आहे." दुधाबद्दल अवाक्षर काढलं नाही. जे व्हायचं ते हिचं होऊ दे, हेच होतं मनात. माझ्या शब्दावर तिनं घर न बघता दिरांना सही करायला सांगितलं.

जूनमध्ये सामान आलं, मी मदतीला गेले आणि दुकानाशेजारच्या जिन्यात उभी राहून डबे वर देत होते. रेखा रिक्षातून उतरली तसे चाचा दुकानातून बाहेर आले. "आ गये बाई? मैं बोला था ना, ये घर तुम्हारेच नसीब में है." माझ्याकडे वळून म्हणाले, "मैं बोला था ना आपको, ये वोहीच बाई." समोरच्या आजींनी तर येऊन तिचा हातच धरला. "आलीस व्हय? मी म्हनलं, चहा पिऊन गेली ती परत आलीच न्हाय."

रेखा गोंधळून हसली. "अहो, मी या गल्लीत पहिल्यांदाच येतेय."

वर्ष झालं. तिथे कुणाला साधा ताप आलेला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, आमच्या सायन्सच्या सरांना विचारलं. लोक म्हणतात, चाचांनी रेखाला ओळखलं तेव्हा तू घाबरली असशील. नाही घाबरले. मी आठ दिवस उन्हातान्हात दारोदार विचारत फिरले, आणि ते घर तिकडे पलंगावर पडलेल्या रेखाला बोलावत होतं... त्या जिन्यात उभी राहून माझा नुसता जळफळाट झाला. तो अजून गेलेला नाही.